यादीत नाव नव्हतं

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीपासून पाऊण तासावर, तंबाखूची जुनी गोदामं जिथे संपतात आणि नवी टाउनहाउसं जिथे सुरू होतात, तिथे एका काउंटीचं कोर्ट आहे. तपकिरी विटांची पाच मजली इमारत. आत शिरून पट्टा, चावी, फोन तपासनिसाच्या ट्रेमध्ये टाकून पलीकडे गेलं की डाव्या हाताला कॉफीचा काउंटर लागतो. त्या काउंटरमागे गेली चौदा वर्षं श्रीरंग वैरागडे उभा आहे. कोर्टातली माणसं त्याला नुसतं श्री म्हणतात. श्रीला दिसत नाही.

जन्मापासून असं नव्हतं. नागपुरात इंजिनीअर होऊन तो इकडे आला, प्रोग्रॅमर म्हणून चांगली पंधरा वर्षं काढली. आधी सिनेमाच्या अंधारात खुर्ची सापडेना. मग संध्याकाळी गाडी चालवताना हायवेवरच्या पाट्या चुकायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा आजार आहे, हळूहळू जाईल. आणि ती हळूहळूच गेली, नजर. कडेकडेनं विझत गेली, शेवटी एखाद्या नळीतून बघावं एवढंच उरलं, मग तेही गेलं. सीमाशी घटस्फोट त्याआधीच झाला होता, त्यामुळे त्याचं खापर डोळ्यांवर फोडायची सोय नव्हती. मुलगा वेद आईकडे वाढला. आता सिॲटलला असतो, दर रविवारी फोन करतो. भला मुलगा आहे. "यू गुड, डॅड?" विचारतो. हा "आय ॲम गुड" म्हणतो. मग हवामानाचं बोलणं होतं आणि फोन संपतो.

सरकारी इमारतींमधले असे काउंटर अंध माणसांना चालवायला द्यायची इकडे पद्धत आहे. सहा महिने प्रशिक्षण झालं. पांढरी काठी, ब्रेलच्या चिठ्ठ्या, कॉफीचं मशीन हातानं ओळखणं, फ्रिजमध्ये कुठल्या खणात काय हे पाठ करणं, सगळं तो पंचेचाळिशी उलटल्यावर शिकला. मग त्याला हे कोर्ट मिळालं.

मराठी बोलायला मात्र कुणी उरलं नव्हतं. पूर्वी गिरीश नावाचा एक मित्र त्याला गाडीत घालून मंडळाच्या कार्यक्रमांना न्यायचा. तिथे लोक त्याच्याशी जरा मोठ्यानं बोलायचे, जणू कानही गेलेत. कुणी काकू ताटात दोन गुलाबजाम जास्त वाढून उसासा टाकायच्या. गिरीश टेक्ससला गेला, आणि श्रीरंगनं ते सगळं सोडून दिलं. त्याला वाईट वाटलं नाही असं तो स्वतःला सांगायचा. घराच्या पायऱ्या मात्र तो अजून मराठीत मोजायचा.

चौदा वर्षांत कायदा त्याच्या अंगात मुरला होता, कॉफीच्या वासासारखा. वकील काउंटरवर टेकून बोलत, पोलीस बोलत, क्लार्क बोलत. टीव्हीवर दाखवतात तशी भाषणं इथे क्वचितच होतात हे त्याला पहिल्या वर्षीच कळलं. माणूस पकडला जातो, दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या खालच्या कोर्टात, म्हणजे इथल्या डिस्ट्रिक्ट कोर्टात, त्याला उभं करतात, आरोप वाचून दाखवतात, वकील आहे का विचारतात, जामीन ठरवतात. एवढ्याला तीन मिनिटंही लागत नाहीत. त्यानंतर असते ती वाट. पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख. गुन्हा गंभीर असला की खटला वर सरकतो, तिसऱ्या मजल्यावर, मोठ्या कोर्टात. तिथेही तारखाच. आणि शेवटी, शंभरातल्या नव्वदांहून जास्त लोकांचा, ज्युरीचं तोंडसुद्धा न बघता समझोता होतो. समझोता म्हणजे सुटका नव्हे, एवढं मात्र लोकांना फार उशिरा कळतं.

ती बाई पहिल्यांदा आली फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी.

"एक्सक्यूज मी, फर्स्ट अपिअरन्स कुठे असतं?" तिनं इंग्रजीत विचारलं. आवाज पन्नाशीच्या पुढचा, शब्द नेटके, पण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकाच ओठांतून येत होते. श्रीरंगनं सांगितलं, लिफ्टनं वर, उजवीकडे, पहिलं मोठं दार. तिनं चहा मागितला. तो गरम पाणी ओतत होता तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हां निधी, बोल गं," ती मराठीत म्हणाली. "नाही, आज नाही जमणार भिशीला. दातांच्या डॉक्टरकडे आलेय. रूट कॅनाल. हो ना, अचानकच. आन्या? आन्या मजेत आहे. बॉस्टनला ट्रेनिंग आहे तिचं, दोन महिने तिकडेच. हो, सांगते तिला."

फोन बंद झाला. श्रीरंगच्या हातातला कप तसाच राहिला होता. सहा-सात वर्षांत इतक्या जवळून, इतकं घरातलं मराठी त्याच्या कानावर पडलं नव्हतं. 'बोल गं'. त्यानं ते मनातल्या मनात एकदा म्हणून बघितलं.

तो बोलणारच होता. पण त्याला कळलं की आपण आत्ता जे ऐकलं ते या बाईनं आपल्याला ऐकू दिलेलं नाही. इथे कुणाला समजणार, या भरवशावर ती खोटं बोलली होती. त्यानं चहा पुढे सरकवला.

"तुम्ही हैदराबादचे का?" तिनं इंग्रजीतच विचारलं. त्याचा चेहरा बघून काहीतरी अंदाज केला असावा.

"इथे येऊन फार वर्षं झाली," तो इंग्रजीत म्हणाला. खोटंही नाही आणि खरंही नाही.

त्यानंतर ती येत राहिली. जामिनाची रक्कम कमी करून मागायची होती तेव्हा आली. मुलगी जामिनावर सुटली त्या दिवशी आली आणि चहाबरोबर एक केळं घेतलं, मुलीसाठी. मुलगी दारापाशी उभी होती म्हणे, काउंटरपर्यंत आली नाही. मग मार्चमध्ये एक तारीख, ती पुढे ढकलली. एप्रिलमध्ये एक, तीही ढकलली. प्रत्येक वेळी ती कोर्ट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी येऊन काउंटरशेजारच्या बाकावर बसायची, चहा घ्यायची आणि फोनवर बोलायची. कधी निधीशी, कधी शिकागोत राहणाऱ्या भावाशी. भावाला खरं माहीत होतं. त्याच्याशी बोलताना आवाज खाली जायचा, आणि त्या खालच्या आवाजातून श्रीरंगला तुकड्या-तुकड्यांनी सगळं समजलं.

तिचं नाव शोभना. आन्या तिची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची, इथेच जन्मलेली. एका औषधांच्या दुकानात टेक्निशियन होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वेदना कमी करायच्या गोळ्या मिळाल्या, त्या संपल्या तरी गरज संपली नाही, आणि गोळ्यांचं कपाट रोज हाताशी होतं. वर्षभर ती दोन-दोन, चार-चार गोळ्या उचलत राहिली. पकडली गेली तेव्हा पर्समध्ये एका डबीत चाळीसेक गोळ्या निघाल्या. चोरीचा आरोप तर होताच. पण इथल्या कायद्यात गोळीतलं औषध किती हे बघत नाहीत, अख्खी गोळी वजन करतात. वजन एका रेषेपलीकडे गेलं की माणूस स्वतः खाणारा असो नाही तर विकणारा, आरोप तस्करीचा होतो, आणि त्याला जवळजवळ सहा वर्षं ठरलेली.

"विकत नव्हती रे ती," शोभना भावाला सांगायची. "मी आई आहे, मला कळत नाही का? यांना सांगितलं तर हे म्हणतात, मला त्या विषयावर बोलायचं नाही. सकाळी उठतात, ऑफिसला जातात, संध्याकाळी बातम्या बघतात. घरात आम्ही दोघं आहोत, पण माणूस एकही नाही."

श्रीरंग तेव्हा पुसलेला काउंटर पुन्हा पुसायचा. ऐकू नये हे त्याला कळत होतं. पण मनातल्या मनात तो तिच्या तारखा लक्षात ठेवायला लागला होता. त्या दिवशी सकाळी तो धुतलेला शर्ट घालायचा आणि गरम पाण्याचं भांडं आधीच भरून ठेवायचा. आपण कुणाच्या तरी संकटाची वाट बघतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याची त्यालाच शरम वाटली. तरी वाट बघणं काही थांबलं नाही.

मग जूनमधली ती सकाळ उजाडली.

आन्या तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रात भरती होती. वकिलानं सांगितलं होतं, तुम्ही यायची गरज नाही, तारीख मी बघतो. पण शोभनाला राहवलं नाही. ती आली, चहा न घेताच वर गेली, आणि दहा मिनिटांत परत खाली. श्रीरंगनं तिचा आवाज ऐकला तेव्हा ती बाकावर बसून भावाशी बोलत होती, आणि आवाज वेगळाच होता, हलका, एखाद्या मुलीसारखा.

"नाव नाहीये. यादीत नावच नाहीये आन्याचं. भिंतीवर लावतात ना ती यादी, दोनदा वाचली. खिडकीवरच्या बाईलाही विचारलं, ती म्हणाली, डिस्ट्रिक्ट कोर्टात या नावाची केस आता उघडी नाही. बंद झाली म्हणजे. सोडून दिली रे तिला. देवानं ऐकलं बघ. मी आता आधी यांना फोन करते, मग तिला सांगायला केंद्रावर जाते."

श्रीरंगचे हात थांबले. यादीतून नाव का जातं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ग्रँड ज्युरी म्हणून अठरा नागरिकांची एक मंडळी असते. बंद खोलीत बसते, फक्त पोलिसाचं ऐकते, आरोपीला बोलावतसुद्धा नाही. त्यांनी आरोपपत्रावर शिक्का मारला, म्हणजे केस 'इन्डाइट' झाली, की खटला खालच्या कोर्टातून निघतो आणि वर जातो. खालच्या यादीत नाव उरत नाही, ते यासाठी. वकिलानं फोन केला असेल, निरोप ठेवला असेल, तिनं ऐकला नसेल.

ती उठली. तो इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, एक मिनिट. केस संपलेली नसावी. कदाचित इन्डाइट झाली असेल. तिसऱ्या मजल्यावर विचारा."

"नाही, नाही," ती इंग्रजीत, हसऱ्या आवाजात म्हणाली. "नाव यादीत नाही. ओव्हर झालं. थँक यू."

तिची पावलं दाराकडे निघाली. ती आता नवऱ्याला फोन करणार, मग केंद्रावर जाणार आणि त्या मुलीला सांगणार की तू सुटलीस. श्रीरंगला ते सहन होईना.

"ताई, थांबा," तो मराठीत म्हणाला. "केस संपली नाही. वर गेली आहे. मी खरं सांगून राहिलो. ग्रँड ज्युरीनं आरोप पक्का केला की खालच्या यादीतून नाव निघते. तुमच्या वकिलाचा निरोप असेल फोनमध्ये, ऐका एकदा. मुलीला आत्ताच काही सांगू नका."

लॉबीत वर्दळ होती. ट्रेमध्ये चाव्या पडत होत्या, कुणीतरी खोकत होतं. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मग शोभना अगदी हळू, मराठीतच म्हणाली, "तुम्हाला सगळं कळत होतं."

तो "हो" म्हणाला, पण तोवर ती तिथे होती की नव्हती, ते त्याला शेवटपर्यंत समजलं नाही. हाक मारावी तर कोणत्या तोंडानं. मिनिटभरानं एका वकिलानं येऊन कॉफी मागितली, आणि त्यानं ती दिली.

जुलै गेला. ऑगस्ट गेला. वरच्या कोर्टातल्या तारखा त्याला ठाऊक नव्हत्या, कारण त्या त्याच्या कानावर पडल्याच नव्हत्या. कदाचित ती येत असेल, गप्प समोरून जात असेल, दुसऱ्या मजल्यावरच्या मशीनमधून काही घेत असेल. ज्याला दिसत नाही त्याच्यासमोरून गप्प जाण्याइतकं सोपं काही नाही. त्यानं एकदा दारावरच्या डेप्युटी टिल्मनला विचारलं.

"ती एक बाई यायची, बाकावर बसायची. हल्ली येते का?"

"कोणती बाई, श्री? दिसायला कशी आहे?"

तिचा भाऊ शिकागोला असतो हे श्रीरंगला माहीत होतं. चहात साखर नको, दूध वेगळं हवं, हेही माहीत होतं. नवरा जेवताना टीव्हीचा आवाज वाढवतो हेसुद्धा.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"इंडियन आहे?"

"हो."

"तशा तीन-चार येतात रे," टिल्मन म्हणाला, आणि मग त्यालाच काहीतरी वाटून त्यानं काउंटरवरून शेंगदाण्याचं एक पाकीट विकत घेतलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर, एका सोमवारी, कोर्ट सुरू व्हायच्या आधी, काउंटरसमोर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"चहा मिळेल का?" मराठीत प्रश्न आला.

श्रीरंगनं गरम पाणी ओतलं. पाणी बोटांवर सांडलं. त्यानं ते पुसलं.

"भाजलं का?"

"नाही. बसा."

ती बसली नाही. "मी तुमच्यावर रागावले नव्हते," ती म्हणाली. "नंतर वकिलाचा निरोप ऐकला. तुम्ही अडवलं नसतं तर मी तशीच केंद्रावर गेले असते. तिचं काय झालं असतं कोण जाणे. पण मला लाज वाटली हो. रूट कॅनाल, बॉस्टन, सगळंच तुम्ही ऐकलेलं."

"ऐकलं."

"मग सांगितलं का नाही, मराठी आहे म्हणून?"

याचं उत्तर त्यानं चार महिने मनात बरंच घोळवलं होतं. तुमची अडचण होऊ नये म्हणून, असं म्हणायचं ठरवलं होतं. तेही काही अगदीच खोटं नव्हतं. पण ती समोर उभी असताना त्याला ते पुरेसं वाटेना.

"पहिल्या दिवशी तुमच्यासाठी नाही बोललो," तो म्हणाला. "पुढे मात्र माझ्यासाठी. सांगितलं असतं तर तुम्ही इथे फोनवर बोलायचं बंद केलं असतं. मला ऐकायला बरं वाटायचं."

"माझं खोटं ऐकायला?"

"मराठी ऐकायला. चूक झाली. मला माफ करा."

मग बाकाची कुरकुर झाली. ती बसली होती.

"नागपूरचे ना तुम्ही?" ती म्हणाली. "त्या दिवशी 'सांगून राहिलो' म्हणालात. एवढ्या गोंधळातसुद्धा माझ्या लक्षात राहिलं ते. आम्ही पुण्याचे."

त्या दिवसापासून तिची तारीख असली की पंधरा-वीस मिनिटं दोघं बोलायची. गिऱ्हाईक आलं की तो इंग्रजीत जायचा, गेलं की परत मराठीत. आता मात्र ती त्यालाच विचारायची, आणि तो जेवढं ठाऊक होतं तेवढंच सांगायचा. बाकीचं वकिलाला विचारा, असं दर वेळी बजावायचा. प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही म्हणून नोव्हेंबरची तारीख पुढे गेली. "सगळेच म्हणतात 'कंटिन्यूड', आणि मी पुढची तारीख लिहून घेते," ती म्हणाली. तो म्हणाला, उशीर नेहमी वाईटच असतो असं नाही. तेवढे महिने मुलगी व्यसनाशिवाय राहिली, हे कागदावर येतं.

तसंच झालं. डिसेंबरमध्ये सरकारी वकिलानं समझोत्याचा प्रस्ताव ठेवला. आन्यानं नोकरीतून गोळ्या चोरल्याचा गुन्हा कबूल करायचा, त्याच्या बदल्यात तस्करीचा आरोप मागे. सहा वर्षांची टांगती तलवार जाणार. शिक्षा किती, ते मात्र न्यायाधीश ठरवणार.

"कबूल केलं की घरी सोडतील ना?" तिनं विचारलं.

"सोडतीलही. काही महिने आत ठेवतीलही. कागद दोन्हीला परवानगी देतो."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला ठाऊक नाही, शोभनाताई. जे इथे कॉफी घेऊन वर जातात त्यांच्या गोष्टीचा शेवट मला फारसा कळत नाही. खाली आले तर कळतो. पुष्कळ जण दुसऱ्या दारानं जातात."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "हे येणार नाहीत त्या दिवशी. रजा नाही म्हणतात. रजा आहे, मला माहीत आहे. भावाला यायचं होतं, पण त्याचं ऑपरेशन आहे. वर कोर्टातल्या बाकावर मी एकटीच असेन." थोडं थांबून तिनं विचारलं, "तुम्ही वर याल? काही करायचं नाही. कुणीतरी शेजारी असावं."

जानेवारीतल्या त्या गुरुवारी श्रीरंगनं चौदा वर्षांत पहिल्यांदा भर सकाळी काउंटरची जाळी ओढली. टिल्मननं विचारलं, बरं नाही का. तो म्हणाला, वर काम आहे. शोभनानं त्याचा हात आपल्या कोपराशी धरवला, तशी पद्धत असते हे तिनं न सांगता ओळखलं, आणि दोघं लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेली. ज्या खोलीबद्दल तो रोज ऐकत आला होता तिच्यात तो कधी शिरला नव्हता. त्याला ती मोठी असेल असं वाटलं होतं. आवाजावरून ती फारशी मोठी नव्हती, छत मात्र उंच होतं, आणि बाकं चर्चमधल्यासारखी कडक.

दोन तास इतरांचं चाललं. मग आन्याचं नाव घेतलं. न्यायाधीश वृद्ध असावेत, एकेक प्रश्न सावकाश विचारत होते. तुम्हाला ऐकू येतं ना? आत्ता कसल्या औषधाच्या, नशेच्या अमलाखाली आहात का? गप्प राहण्याचा हक्क आहे, ज्युरीसमोर खटला चालवण्याचा हक्क आहे, हे समजलं का? वकिलाच्या कामाबद्दल समाधान आहे? तुम्ही खरोखर दोषी आहात?

"येस, सर," आन्या म्हणाली. इतक्या महिन्यांत श्रीरंगनं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. आईचाच आवाज, फक्त तीस वर्षांनी लहान.

तिला काही बोलायचं आहे का, असं विचारलं. तिनं कागद आणला होता, त्याची घडी उघडल्याचा आवाज झाला, पण तिनं वाचलं नाही. "माझी आई प्रत्येक तारखेला आली," ती इंग्रजीत म्हणाली. "मी नव्हते तेव्हासुद्धा आली. एवढंच."

दहा ते एकवीस महिन्यांची शिक्षा, न्यायाधीश म्हणाले. ती स्थगित, पण त्यातले चार महिने आत्तापासून काउंटीच्या तुरुंगात काढायचे. मग तीन वर्षं देखरेख, उपचार, दर महिन्याला तपासणी. हातकडीची कळ दोनदा वाजली. बाजूचं दार उघडलं, मिटलं.

"काय केलं तिनं?" श्रीरंगनं हळूच विचारलं.

"वळून बघितलं," शोभना म्हणाली. "माझ्याकडे. मग तुमच्याकडे. तुम्ही कोण ते तिला कुठे माहीत आहे." आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता. खांदा हलत होता म्हणून त्याला कळलं. पुढचं नाव पुकारलं गेलं. दोघं तशीच बसून राहिली, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचे प्रश्न सुरू होईपर्यंत.

खाली आल्यावर तिनं चहा घेतला नाही. तिनं आपला नंबर त्याच्या फोनमध्ये घातला आणि एकदा वाजवून बघितला. "येत जाईन मी," ती दारात म्हणाली. तो "या" म्हणाला. दोघांनाही माहीत होतं की आता यायला कारण उरलेलं नाही. तुरुंग गावाबाहेर होता आणि भेटी फोनच्या पडद्यावर व्हायच्या. खटला संपला होता.

तिनं फोन केला. आधी आठवड्यात दोनदा, मग एकदा. निधीला तिनं सगळं खरं सांगून टाकलं होतं. निधी आधी रडली, मग भिशीतल्या बाकीच्यांना सांगितलं, आणि आता त्या सगळ्या शोभनाशी फार जपून बोलत. "तुमच्या गुलाबजामांसारखं झालंय माझं," ती म्हणाली. श्रीरंगनं कधीतरी तिला ते सांगितलं होतं. तो हसला. इतका हसला की नंतर खोली फार शांत वाटली. मार्चनंतर फोन विरळ झाले. तो स्वतःहून करत नसे. नवरा घरी असेल, टीव्ही चालू असेल, काय म्हणून करायचा.

मे महिन्याच्या शेवटी, दुपारी काउंटर आवरताना त्याचा फोन वाजला. शोभना गाडीत होती.

"सुटली. आत्ताच घेतलं तिला. शेजारी बसलीय, सँडविच खातेय. ऐका, तुम्हाला सांगायचं होतं, आम्ही दोघी शिकागोला चाललो. माझ्या भावाकडे. डेव्हन ॲव्हेन्यूजवळ त्याचं घर आहे, मला तिथे साड्यांच्या दुकानात काम मिळतंय. देखरेखीची बदली मंजूर झाली. शनिवारी निघतो."

"आणि घरचे?"

"ते इथेच राहतील," ती म्हणाली. मग लगेच पुढे, "आन्याशी बोला. मी सांगितलंय तिला, तुम्ही कोण ते."

फोनमध्ये खुडबुड झाली. मग तो आवाज आला, आईसारखा. मराठी एकेक शब्द शोधून ठेवत ती म्हणाली, "काका, आईच्या बाजूला बसला तुम्ही. थँक यू."

"सुखी राहा बेटा," तो म्हणाला. आणखी काही बोलायला हवं होतं, पण गाडी हायवेला लागली असावी, आवाज तुटत गेला. तो दोनदा हॅलो म्हणाला, मग फोन खिशात ठेवला.

वर खटले चालू होते. त्यानं शिळी कॉफी ओतून दिली, भांडं विसळलं, दुधाच्या बाटल्यांची चिठ्ठी बोटानं वाचून जुन्या पुढे आणि नव्या मागे लावल्या. शनिवारी सकाळी तो घरी होता. त्या आता वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात पोचल्या असतील, असं त्याच्या मनात आलं. दुपारी त्यानं वेदला फोन लावला, रविवार नसतानाही. वेदनं लगेच उचलला आणि घाबरून विचारलं, "डॅड, काय झालं?"

"काही नाही," श्रीरंग मराठीत म्हणाला. "बोलावंसं वाटलं."

"डॅड, यू नो माय मराठी इज नॉट ग्रेट," वेद म्हणाला. "बट गो अहेड. आय ॲम लिसनिंग."

श्रीरंग बोलायला लागला. कोर्टाबद्दल, काउंटरबद्दल, एका बाईबद्दल. किती समजत होतं कोण जाणे. वेद मधूनमधून "ओके" म्हणत होता.